दोन मिलिमीटर

“काका, पहिला स्टेंट आखूड पडला. मोजताना माझी चूक झाली,” खाटेजवळ खुर्ची ओढून बसत डॉ. कल्याणी म्हणाल्या.

महिन्यापूर्वी त्यांनीच मांडीतल्या रक्तवाहिनीवाटे बद्रीनाथांच्या हृदयात नवी झडप बसवली होती. झडपेमुळे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीचं तोंड दबलं, म्हणून तिथे लगेच स्टेंट घातला. आता आखूड पडलेला तो स्टेंटच झडपेच्या कडेखाली चेपला होता. त्यातून दुसरा घालायचा होता, आणि तोही उद्या सकाळीच.

“किती आखूड?” बद्रीनाथांनी विचारलं.

“दोन मिलिमीटर.”

बद्रीनाथांनी डोळे मिटले. हडपसरच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते इन्स्पेक्शनला होते. केसाएवढा फरक दिसला तरी पार्टला लाल चिठ्ठी लागायची. हा माणूस स्वतःच्या लग्नातही हार मोजूनच गळ्यात घालून घेईल, असं कामगार म्हणत. त्यांच्या हिशेबी दोन मिलिमीटर म्हणजे भगदाडच.

डॉक्टर बाहेर पडताच शेजारी उभा असलेला मुलगा, शुभंकर उसळला. “बाबा, चला इथून. मी दुसऱ्या हॉस्पिटलशी बोललोय, अँब्युलन्स रेडी आहे.”

“उद्याचं काम याच करतील.”

“अहो, त्यांनी स्वतः कबूल केलंय!”

“म्हणूनच.”

आई गेल्यापासून शुभंकरला वडिलांशिवाय कोणी नव्हतं. तो घाबरला होता आणि घाबरला की त्याचा आवाज चढायचा.

“तुम्ही हे बोलताय? लेथवरच्या संपतला एका चुकीसाठी घरी बसवलंत तुम्ही! दोनशे पार्ट बाद केलेत त्याचे. लहानपणापासून ऐकतोय मी.”

खरं होतं. घरात ती गोष्ट पाहुण्यांनाही सांगितली जायची. सचोटी म्हणजे काय, हे शुभंकर त्या गोष्टीतूनच शिकला होता.

बद्रीनाथांनी चष्मा लावला. संमतीचा फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही केली. मग पेन मुलाच्या हातात दिलं.

“संपतचे पार्ट बरोबर होते,” ते म्हणाले. “मोजताना माझी चूक झाली होती. त्याच संध्याकाळी कळलं मला. मी कुणाला सांगितलं नाही.”