आतली कडी

कडी सरकेना. रखमाने दोन्ही हातांनी ओढून पाहिली, वरवंट्याने ठोकून पाहिली. वरची टाकी वर्षभर गळत होती. त्या ओलीने चौकट फुगली होती, कडी गंजली होती. तीन वेळा तिने सांगितलं होतं. चाळमालक प्रतापशेठ दर वेळी "बघतो" म्हणाले होते.

सकाळी नळावरून हंडा आणून तिने दार लावलं होतं. आता बारा वाजत आले होते. संडास बाहेर होता. अडीचला कंपनीची बस नाक्यावर येणार होती. महिन्यात आणखी एक खाडा झाला तर कामावरून काढीन, असं ठेकेदाराने बजावलं होतं.

तिने शेठला फोन लावला.

"मी लग्नात हाय, माकुणसारला," प्रतापशेठ म्हणाले. "माणूस पाठवतो."

तासाभराने पुन्हा लावला, तर उचलला नाही.

मागच्या खिडकीसमोर कारखान्याची भिंत होती. तिथून तिने हाका मारून पाहिल्या. मग दाराच्या फटीला तोंड लावून मारल्या. दुपारची वेळ, सगळी चाळ पाळीवर गेलेली. तिने विक्रमगडला बहिणीला फोन केला.

लाडकी घाबरली. "शेजारी कोण नाय का तुझ्या?"

"हायत ना," रखमा म्हणाली. "येतीलच आता."

फोन ठेवून ती बाजूच्या भिंतीकडे बघत राहिली. त्या खोलीतला माणूस रात्रपाळीला जायचा आणि दिवसा झोपायचा. त्याचा खोकला तिला ओळखू यायचा. त्याचा कुकर तीन शिट्ट्यांनी उतरतो, हेही ठाऊक होतं. पण चौदा महिन्यांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. हाक मारायची तर काय म्हणून, ते तिला सुचेना. झोपमोड होईल म्हणून तिने सकाळपासून त्या भिंतीला हातही लावला नव्हता.

नाक्यावर बसचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा वाजला. मग बस गेली.

तेव्हा तिने भिंत बडवली.

"कौन?" पलीकडून आवाज आला.

"मी, बाजूवाली. दार उघडत नाय."

तो बनियनवर धावत आला. "हटो दीदी, पीछे हटो," म्हणाला आणि खांद्याने धडका द्यायला लागला. चौथ्या धडकेला बिजागऱ्यांसकट दार आत पडलं.

"कब से बंद थीं?"

"सकालपासून."

"मैंने ठक-ठक सुनी थी," तो खाली बघत म्हणाला. "लगा, कील ठोक रही हो."

रखमा आधी संडासाकडे पळाली. परत आली तेव्हा त्याने दार उचलून भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

पाच वाजता प्रतापशेठचा फोन आला. "दार तोडलं म्हणे. कोणाला विचारून?"

"विचारायला कोण होतं, शेठ?" ती म्हणाली.

त्यांनी फोन ठेवला.

दिवेलागणीला बाजूवाला डबा घेऊन कामावर निघाला. जाता जाता थांबला. "परदा लगा लेना, दीदी. सब दिखता है अंदर."

"लावते."

तिने पेटीतून लुगडं काढलं, दोरीही काढली. मग दोन्ही तशीच ठेवून ती उघड्या दारासमोर परात घेऊन बसली आणि पीठ मळायला लागली. पाळी सुटून लोक परतत होते. येणारा-जाणारा प्रत्येकजण चालता चालता आत बघत होता. रखमा दर वेळी मान वर करून त्याच्याकडे बघत होती.