गेनबांची पाठ

“ह्ये नाक आमच्या दादाचं न्हाई,” बायडाबाई म्हणाल्या.

मेहरुनने ब्रश खाली ठेवला. हे पाचवं नाक होतं.

हिंजवडीतल्या नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये, प्लास्टिक न काढलेल्या सोफ्यासमोर, ईझलवर गेनबा होते. म्हणजे व्हायचे होते. उद्या वास्तुशांत. दारासमोरच्या भिंतीवर खिळाही ठोकून झाला होता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं गेनबांचं मत. म्हणून त्यांनी जन्मात एक फोटो काढू दिला नाही, आणि चाळिशीच्या आत गेले.

तेव्हा त्यांचा मुलगा हिंदुराव चार वर्षांचा होता. आता बंगल्याच्या मालकाला वडिलांची फक्त मिशी आठवत होती. गेनबांच्या बहिणीला, बायडाबाईंना, सगळं आठवत होतं, पण रोज वेगळं.

मेहरुनची स्वतःची चित्रं अशी नसत. त्यांत रंगांचे मोठमोठे चौकोन असत, एकावर एक सरकलेले. पहिल्या भेटीत तिने त्या चित्रांचा आल्बम दाखवला, तेव्हा हिंदुरावांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, “बाथरूमच्या टाइल्सचं ठरलंय आमचं.”

तरी ती रोज दोन बस बदलून येत होती, कारण गॅरेजवर एक खोली होती. उत्तरेला खिडकी, कोपऱ्यात नळ. “चित्र घरच्यांना पटलं तर वर्षभर तिथं तुमची चित्रं काढा,” हिंदुरावांनी सांगितलं होतं. सध्या ती पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात, गॅलरीत रंगवायची, आणि अम्मी कॅनव्हासवर टॉवेल वाळत घालायची. मागच्या प्रदर्शनात एका समीक्षकाने, हा पोत कसा साधला, म्हणून बराच वेळ विचारलं होतं.

“मिशी खाली वळल्याली होती,” बायडाबाई म्हणाल्या.

“वर होती, आत्या.”

“तुला काय ठावं? तू चड्डी हातात घिऊन हिंडत हुतास.”

“आणि तिसरा चेहरा काय वाईट होता? सगळ्यांना आवडला होता.”

“त्यो तुझा चेहरा हुता. तू आईवर गेलायस.”

मेहरुनने घड्याळ पाहिलं. मग ती स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. तिथे गेनबांच्या बायको सरुबाई उद्याच्या जेवणासाठी लसूण सोलत बसल्या होत्या. चार दिवसांत त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

“आजी, तुम्हीच सांगा आता. कसं होतं नाक?”

“मला काय म्हाईत.”



“अगं, नवरा हुता तुझा,” बायडाबाई म्हणाल्या.

“सासू-सासऱ्यांम्होरं नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची सोय हुती व्हय? वाढताना ताट बघायचं. रातच्याला दिवा न्हाई. बाजाराला निघालो की त्ये म्होरं, मी मागनं.” सरुबाईंनी पाकळीचं साल काढलं. “पाठ पायजे तर सांगते.”

मेहरुनने फडकं घेतलं आणि पाचवं नाक पुसलं. मिशी पुसली. कपाळ, डोळे, सगळं.

“अहो, हे काय करताय?” हिंदुराव उठले. “उद्या साडेदहाचा मुहूर्त आहे.”

“आजी, सांगा.”

सरुबाई सांगत गेल्या. लसूण सोलता सोलता, वर न बघता. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. मानेवर दोन आडव्या घड्या. न्हावी डाव्या बाजूचे केस नेहमी जास्त कापायचा, तिथे मान पांढरट. धोतर उजव्या पोटरीवर चढलेलं. आणि चिडले की कान मागून लाल व्हायचे.

“इथे कान कसे करू? चिडलेले?”

“नगं. बैल घिऊन येत हुते त्या दिवसाचं काढ. कान साधेच ठिव.”

दीड तास लागला. लसूण संपला. बायडाबाईंनी मध्ये दोनदा तोंड उघडलं, पण खांदा चुकलाय असं त्यांना म्हणता येईना. शेवटी त्या सोफ्यावर टेकल्या. प्लास्टिक कुरकुरलं.

“दादा,” त्या हळूच म्हणाल्या.

हिंदुराव चित्रासमोर उभे होते. हातात खोलीची किल्ली होती, ती त्यांनी एकदा खिशात टाकली, एकदा बाहेर काढली.

“मॅडम, चित्र झकास आहे. पण उद्या कंपनीचे मोठे मोठे साहेब येणार, आणि आमचे वडील त्यांच्याकडं पाठ करून?”

“जमिनी कंपनीला दिल्या म्हनल्यावर दादा असाच पाठ फिरवून ऱ्हायला असता,” बायडाबाई म्हणाल्या.

“आत्या, तू थांब. मॅडम, हार घालायचा कसा ते सांगा. गंध लावायचं कुठं? भटजींना काय, मानेला लावा म्हणू?”

मेहरुन ब्रश धुवायला लागली. गॅलरी, टॉवेल, अम्मी, सगळं तिला एकदम दिसलं.

तेवढ्यात सरुबाई उठल्या. पदराला हात पुसत चित्राच्या अगदी जवळ आल्या. डाव्या खांद्याशी बोट नेलं, पण रंग ओला होता. बोट तसंच राहिलं.

मग त्यांनी पदर डोक्यावर ओढला, आणि चार पावलं मागे सरकून नीट उभ्या राहिल्या.

“हं. चला,” त्या म्हणाल्या.

हिंदुरावांनी किल्ली मेहरुनच्या रंगांच्या डब्यावर ठेवली. पायातल्या चपला काढल्या, आणि आवाज न करता आईच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे, थोडं ढकलून जागा करत, बायडाबाई.