गुरुवारचे पाय

महिपती आबांनी तिसऱ्यांदा पाय मागे ओढला.

"आबा, पाय पुढे करा," संजीवनी म्हणाली. तिच्यासमोर टबात कोमट पाणी होतं, शेजारी कापूस, पट्ट्या, औषध. घड्याळात सव्वापाच वाजले होते. कन्हेरीहून बारामतीचं चर्च स्कूटीवर वीस मिनिटं. तिथली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, साडेसहाची. अजून जमत होतं.

"न्हाय. लोकाच्या लेकीच्या हातात मी पाय देणार न्हाय. जा तू पोरी. हळद लावली की बसंल."

हळद लावूनच तर इथवर आलं होतं. डाळिंबाच्या बागेत काटा घुसला, शुगरमुळे आबांना तो कळलाच नाही, आणि कळला तेव्हा अंगठा काळवंडायला लागला होता. सकाळी ते दवाखान्यात आले, तिथली नर्स म्हणून संजीवनीने पायाला हात लावला, आणि आबा टेबलावरून उतरून चपला घालून थेट घरी. मग डॉक्टरांनी ड्युटी सुटताना तिलाच पाठवलं. आज जखम धुतली नाही तर अंगठा गेला, आणि दोन दिवसांनी कदाचित पाऊलही.

आणि हे आजच व्हायचं होतं! आज पवित्र गुरुवार. मरणाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. यंदा त्या बारा जणांत संजीवनीचं नाव होतं. पहिल्यांदाच. वीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या, एकदा आपलेही पाय कुणीतरी धुवावेत असं तिला फार वाटत होतं. आठवडाभर तिने वजरीने टाचा घासल्या, खोबरेल चोळलं, नखांना फिकं गुलाबी पॉलिशसुद्धा लावलं. सगळेच असं करतात. फादरांच्या वाट्याला दर वर्षी अख्ख्या तालुक्यातले सर्वांत स्वच्छ चोवीस पाय येतात, आणि ते बिचारे ते पुन्हा धुतात.

"आवं, द्या की पाय," आबांची बायको बनाबाई चुलीजवळून ओरडली. "डागदरनं पाठवलंय तिला. अंगठा गेल्याव काय बागंत लंगडत फिरणार हाय का?"

"फिरीन."

"आन तुमची काठी हुडकत मी फिरू?"

"तुला कुणी सांगितलंय?"

संजीवनीने समजावलं. मग रागावली. मग गोड बोलून पाहिलं. पावणेसहा झाले, सहा झाले. सव्वासहाला चर्चमधून वृषालीचा फोन आला. बारा जणांची यादी तिच्याकडे होती.

"कुठे आहेस गं? अकरा जण येऊन बसलेत. तुझीच खुर्ची रिकामी आहे."

संजीवनीने त्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. म्हातारा हात लावू देत नव्हता, पण त्याला तसाच टाकून उठणं तिच्याच्याने होईना.

"दुसऱ्या कुणाला तरी बसव," ती म्हणाली. फोन ठेवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लहान मुलीसारखं वाईट वाटलं तिला.

आबांनी ते पाहिलं. "का गं, काय झालं?"

तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं. आबा कान देऊन ऐकत होते.

"म्हंजी तुमचा द्येव, आन त्यो चेल्यांचं पाय धुतो?"

"हो."

"आन ती धुवून घेत्यात? कुणी नगं म्हणत न्हाय?"

"एक जण म्हणाला होता. तुमच्यासारखाच हट्टी. शेवटी त्यानेही पाय पुढे केले."

आबा गळ्यातली तुळशीची माळ बोटांनी फिरवत राहिले. मग एकदम म्हणाले, "बने, परात आण. आन पान्याचा तांब्या. पोरी, तू त्या खुर्चीव बस."

"मी? कशाला?"

"मी माळकरी हाय. आमच्यात कुणी आपल्या पायाला हात लावला, तर आपुन बी त्येच्या पायाला हात लावायचा. नुसतं घ्यायचं न्हाय. सकाळी तू मला टेबलाव आडवं पाडलंस आन पाय धरलंस. मला वाकाया जागा कुठं ठिवलीस? लई लाज वाटली." आबा दुखरा पाय लांब ठेवत, भिंत धरत खाटेवरून खाली उतरले आणि जमिनीवर बसले. "आदी मी तुझं पाय धुतो. मंग तू माझं धू. कर पाय फुडं."

संजीवनीने दोन्ही पाय झटकन खुर्चीखाली घेतले.

"नको नको, आबा! तुम्ही वडीलधारे. तुम्ही माझे पाय नका धुऊ!"

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग दिवसभरात पहिल्यांदाच हसले.

"बघ. सकाळधरनं मी बी ह्येच म्हणतुया."

पाय पुढे करा, असं संजीवनीने वीस वर्षांत शेकडो जणांना सांगितलं असेल. ते इतकं अवघड असतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिने साडी सावरली आणि एकेक करून दोन्ही पाय परातीत ठेवले.

आबांनी तांब्या उचलला.

"आता रडत बसू नगंस," ते म्हणाले, "फुडं माझा नंबर हाय."