भरलेली जागा

“खेळात दिला तरी शब्द तो शब्दच. पाळायचा!” सासूबाई ह्यांना अगदी पन्नाशीतही बजावायच्या.

काल हे नातीबरोबर पटावर जंगल आणि गाव वसवायचा खेळ मांडून बसले होते. दोघांचे चार-चार लाकडी मजूर. जिथे एकाचा मजूर बसला, तिथे दुसऱ्याला काम करता येत नाही. शेवटी तळ्याची एकच जागा उरली. ती मिळाली तर हे जिंकणार होते, पण पाळी नातीची होती.

“आजोबा, ही जागा तुम्हाला सोडते. पण जिन्यातलं घरटं पिल्लं उडेपर्यंत काढायचं नाही.”

“अगं, उद्या रंगारी येतोय!”

“मग बसवते माझा मजूर.”

“थांब, थांब! दिला शब्द!”

हे जिंकले आणि लहान पोरासारखे घरभर नाचले. हरलेली नात मात्र गालातल्या गालात हसत होती.

आज सकाळी रंगारी शिडी घेऊन आला आणि खालूनच ओरडला, “काका, आधी घरटं काढतो, मग भिंत घासतो!”

पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. हातात जपमाळ धरून मी नुसती ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला.

“शिडी लावू नकोस रे. त्या जागेवर मजूर बसलाय.”

“कुठला मजूर, काका? इथे तर कुणीच नाही!”

ह्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं आणि घरट्याखाली जाऊन बसायला जिना उतरू लागले.