हसा, नाहीतर व्हिसा कॅन्सल

सत्त्याण्णव साली दर शुक्रवारी दुपारी, दुबईतल्या एका हॉटेलच्या बारमध्ये अरविंद वालावलकर गोल हॅट आणि चौकड्यांचा कोट घालून, युकुलेले वाजवत शंभर वर्षांपूर्वीची विलायती विनोदी गाणी म्हणायचा. दोन कडव्यांच्या मधे गाणाऱ्याने आपलं रडगाणं सांगायचं आणि लोकांनी हसायचं, हा त्या गाण्यांचा रिवाज. गेले तीन शुक्रवार लोक नुसते शेंगदाणे खात होते.

"आज कुणी हसलं नाही तर खलास," मॅनेजर लियाकतभाई म्हणाले. रत्नागिरीचे असल्यामुळे ते धमकी तरी मराठीत देत. "तुझा व्हिसा कॅन्सल. छायावहिनींचा नि पोरीचापण."

दुसऱ्या गाण्यालाही कुणी हसलं नाही, तेव्हा वालावलकरचा धीर सुटला. युकुलेले खाली ठेवून त्याने इंग्रजीत हात जोडले, "प्लीज, हसा हो! मला काढलं तर महिन्याभरात देश सोडावा लागेल. मुलीची मार्चमध्ये दहावी आहे!" बोलता बोलता तो खरंच रडायला लागला.

लोक पोट धरधरून हसले. टेबलं बडवली. वन्स मोअर आला.

लियाकतभाईंनी त्याला मिठीच मारली. "हबीबी, व्हिसा अजून दोन वर्षं पक्का! आता दर शुक्रवारी हेच करायचं. फक्त ते दहावीचं जरा फिकं पडतंय. त्यापेक्षा बायकोला आजारी पाड. मोठं काहीतरी."



छायाच्या आजाराचं तेवढं वालावलकरने स्टेजवर मुद्दाम टाळलं होतं.