अस्तराच्या आतलं

"अहो, चहा घेताय ना?"

हाक स्वयंपाकघरातून निघाली आणि थेट मास्तरांच्या कानात शिरली. टेबलावर शिवायला घेतलेल्या कोटातून मान न काढता ते म्हणाले, "हो." झालं, संपलं बोलणं.

असे आठ दिवस चालले होते. लेक आली, शेंगदाण्याएवढी दोन श्रवणयंत्रं तिने बापाच्या कानांत बसवली, फोनला जोडली आणि जाताना बजावून गेली, "बाबा, काढून ठेवायची नाहीत हं. आईचे गुडघे बघा जरा. तिच्या खेपा तरी वाचतील."

खेपा वाचल्या, हे खरंच होतं. यंत्रावर हिरवा ठिपका लुकलुकत असला की मास्तरांना सगळं ऐकू यायचं. नळ, रस्ता, शेजारच्या नवराबायकोची भांडणं, इतकंच काय, स्वतःचं चावणंसुद्धा. बायको आतून काय हवं ते विचारायची, हे बाहेरून हो किंवा नाही म्हणायचे. सोय ती सोयच.

बारा वर्षांपूर्वी मास्तरांच्या कानांनी राजीनामा दिला, तेव्हा ओरडून ओरडून बायकोचा घसा बसला होता. एका दुपारी ती तणतणत बाहेर आली, यांच्या खांद्यावर हात ठेवून वाकली आणि टेबलावरचा खडू उचलून समोरच्या कापडाच्या उलट्या बाजूला लिहिलं, 'जेवण गार होतंय.' मास्तरांना हसू आलं. मग ती रीतच पडली. 'दूध नासलं.' 'लेक पास झाली.' 'आज माझ्याशी बोलायचं नाही.' काही इस्त्रीखाली पुसलं जायचं, काही तसंच अस्तराआड राहायचं. गिऱ्हाईक नव्या कोटात रुबाबात मिरवायचं आणि त्याच्या पाठीवर, आतल्या बाजूला, 'मीठ आणा' असायचं. कधी कधी दुपारी डोळा लागला की मास्तरांना ते सगळे कोट दिसायचे. रस्त्याने, पुलावरून, बागेतून चाललेले, आणि त्यांच्या आत बायकोचं अक्षर.

आठ दिवसांत ती एकदाही टेबलापाशी आली नव्हती. खांद्याला तिच्या हाताची सवय होती, हाताविना तो खांदाच उगाच जड वाटत होता. पण सांगणार कसं? दुखऱ्या गुडघ्यांनी ये, असं? मास्तरांनी तोंडातून ब्र काढला नव्हता.

टेबलावरचा निळा कोट जुना होता, त्यांनीच शिवलेला. मालकाचं पोट सुटल्याने सैल करायला आला होता. मास्तरांनी पाठीची शिवण उसवली, अस्तर अलगद बाजूला केलं आणि त्यांचा हात थांबला. आत फिकट झालेला खडू होता.

'रागावलात?'

त्याखाली त्यांचंच वेडंवाकडं अक्षर. 'हो.'

आणि त्याखाली पुन्हा तिचं. 'बरं. मग मी इथेच बसते.'

राग कशाचा होता ते काही केल्या आठवेना. एवढंच आठवलं, की ती खरोखर बसली होती. स्टूल ओढून, मांडीवर बटणांचा डबा घेऊन, दिवस कलेपर्यंत काळी बटणं काळ्यांत आणि पांढरी पांढऱ्यांत टाकत. दोघांपैकी कुणी काही लिहिलं नव्हतं.

खिडकीतून ऊन येत होतं आणि उन्हात कापडाचे तंतू तरंगत होते. मास्तरांनी कानांतली यंत्रं काढली आणि कात्रीशेजारी ठेवली. नळ गेला. रस्ता गेला. पाण्यात बुडी मारल्यावर होतं तसं सगळं लांब आणि मऊ झालं.

थोड्या वेळाने त्यांना लाज वाटली. आपल्या सुखासाठी बायकोला चालायला लावायचं, या वयात? त्यांनी यंत्राकडे हात नेला.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला.

ती चहाचा कप आणि बशी घेऊन उभी होती. तीन-चार हाका मारून झाल्या असणार, हे चेहऱ्यावरून कळत होतं. कप टेबलावर टेकवून तिने खडू उचलला आणि हाताशी आलेल्या चिंधीवर लिहिलं, 'सेल संपले?'

मास्तरांनी लहान पोरासारखी मान हलवली. हो.

तिने खण उघडला. लेकीने आणून ठेवलेलं सेलचं पाकीट तसंच होतं, फोडलेलंसुद्धा नव्हतं. ते उचलून ती वळली आणि कात्रीशेजारच्या यंत्रांकडे तिचं लक्ष गेलं. दोन्ही हिरवे ठिपके शहाण्यासारखे लुकलुकत होते.

भरदिवसा चोरी पकडली गेली. मास्तर सुईत दोरा ओवू लागले, सुईत आधीच दोरा असताना.

तिची नजर निळ्या कोटावर गेली. जवळ वाकून तिने तिन्ही ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं, तर बोटाला थोडा खडू लागला.

मग तिने पाकीट खणात ठेवलं, खण लोटला आणि त्या तीन ओळींच्या खाली, ठसठशीत अक्षरात, चौथी लिहिली.

'सेल मिळत नाहीत हल्ली.'

मास्तर इतक्या मोठ्याने हसले, की शेजाऱ्यांचं भांडण थांबलं असावं. ते काही त्यांना कळलं नाही.

तिने पायाने स्टूल ओढलं, गुडघे धरत धरत बसली. अर्धा चहा बशीत ओतून घेतला, फुंकर मारून प्यायली आणि रिकामी बशी त्या दोन हिरव्या ठिपक्यांवर पालथी घातली.