हिंगाष्टकाची बाटली

वसतिगृहातून आलेल्या त्या पत्राला नीळकंठरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. "बाबा, पाळीत पोट फार दुखतं. आई द्यायची तो काढा कसा करायचा? तिच्या वहीत असेल," असं मृदुलाने लिहिलं होतं. आईला जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. जन्म ग्रंथालयात गेलेला, तरी त्यांना तो एक शब्द कागदावर उतरवता येईना. शेवटी त्यांनी चिठ्ठीशिवाय हिंगाष्टक चूर्णाची बाटली धाडली, जणू पोरीला अपचनच झालं होतं.

त्यानंतर तिने कधी काही मागितलं नाही.

आज सव्वीस वर्षांनी फोनवर नेहमीचं हवापाणी बोलून झालं, तोच मागून नातीचं कण्हणं ऐकू आलं.

"काय झालं गं तिला?"

"काही नाही, पोट दुखतंय." मृदुला हसली. "हिंगाष्टक नका हं पाठवू!"

त्यांनाही हसू आलं.

फोन ठेवून त्यांनी बायकोची वही काढली. कागदावर 'पोटदुखीवर' लिहिलं, खोडलं आणि जपून लिहिलं, 'पाळीच्या दुखण्यावर. ओवा, बाळंतशेपा, सुंठ, सुपारीएवढा गूळ. दोन कप पाणी आटून एक कप होईपर्यंत उकळावं.' वहीतली शेवटची ओळही उतरवली, 'काढा देऊन निघून जाऊ नये. जवळ बसावं.'

त्याखाली त्यांनी स्वतःची एकच ओळ घातली, 'मला बसता आलं नाही, बाळ.' पुन्हा वाचलं तर धीर सुटेल म्हणून पाकीट लगेच चिकटवलं, आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आले.